मामाजी, लाडू कसे झाले?

स्वतःचा धंदा करायला काय लागतं? भांडवल? ओळखी? छे! छाती लागते! आणि ती माझ्याकडे आहे, असं त्या दिवसांत मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मी नवेगाव बांध या गावी एका कृषी केंद्रात कामाला. खत मालकाचं, बियाणं मालकाचं, शिव्या मात्र सगळ्या माझ्या! शेवटी ठरवलं, आता माल आपला आणि नाव आपलं. मोहफुलाचे लाडू! मोहफूल म्हटलं की आमच्याकडे लोकांना जे आठवतं ते बाटलीत असतं. मी ते लाडवात आणणार होतो! महाशिवरात्रीला आमच्या जवळच्या प्रतापगडच्या यात्रेत दुकान लावायचं आणि माल खपला की मालकाला रामराम ठोकायचा.

"आधी थोडेसे करून पाहा ना," बायको, दुर्गेश्वरी, म्हणाली.

"भिऊन धंदा होत नसते, दुर्गा!"

आमचं घर गावाच्या टोकाला. कुंपण संपलं की शेत, शेत संपलं की जंगल. आम्ही फुलं भाजायला घेतली आणि वासानं सगळी आळी भरून गेली. शेजारच्या फुलवंताकाकी कुंपणावरून ओरडल्या, "भुपेंद्र, वास लई दूर जाऊन राहिला गा!"

"जाऊ द्या ना काकी! फुकटची जाहिरात होऊन राहिली!"

जाहिरात कुठवर पोचली होती, ते मला कुठं ठाऊक!

यात्रेच्या आदल्या दिवशी सासरे आले. बिसराममामाजी. एरवी मी वाघाला भीत नाही (अजून भेटला नाही म्हणून), पण मामाजींना भितो. भिंतीसारखा देह, कानांवर केसांची झुडपं, अंगावर काळं घोंगडं. बोलणं कमी, नाकातून वारा सोडणं जास्त. होकार असो वा नकार, "हूं!" लग्नात मी पाया पडलो तेव्हाही "हूं" म्हणाले होते. तो आशीर्वाद होता की धमकी, हे मला अजून कळलेलं नाही.

मी लाडवांची ताटली पुढं केली. त्यांनी ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"नोकरी सोडून लाडू इकता?"

"हो मामाजी. म्हणजे... विचार करून राहिलो."

"हूं!"

लाडवाला हातसुद्धा लावला नाही! मी ताटली तशीच उचलून आत नेली.

सकाळी उजाडता उजाडता मी माल गाडीवर चढवायला उठलो. लाईन गेलेली होती, घरभर अंधार. सगळे डबे मागच्या खोलीत. त्या खोलीला दोन दारं, एक घरात उघडतं, दुसरं सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात. आतून आवाज येत होता. मच मच मच! वर जोरजोरानं नाकातून फुसकारणं!

मी दार हळूच लोटलं. अंधारात डब्यापाशी एक काळी, केसाळ पाठ बसलेली. घोंगडं ओळखीचं. फुसकारणं तर फारच ओळखीचं!

माझं काळीज आनंदानं फुललं. पाहिलंत? दिवसा ताटलीकडे ढुंकून पाहत नाहीत आणि आता चोरून खाऊन राहिले! हीच संधी होती.

"मामाजी," मी अदबीनं म्हटलं, "लाडू कसे झाले?"

"हुंफ्!"

"गोड थोडं जास्त झालं काय?"

"घुर्र..."

एवढ्या वर्षांत मामाजी माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते! मला भरून आलं.

"मग मामाजी, नोकरी सोडू ना? तुमचा आशीर्वाद असला तर आजच सोडतो!"

"हुंफ्! हुंफ्!"

दोनदा! आता राहवेना. मी आत गेलो, वाकलो आणि पायांकडे हात नेला. मामाजींची नखं फार वाढली होती. बोटाएवढी. वाकडी. मातीनं भरलेली. पायांना केसही होते, आणि केसांना जंगलाचा वास होता. मी मनात म्हटलं, दुर्गेला सांगायला पाहिजे, बाबूजींची नखं काढून दे...

तेवढ्यात मागून आवाज आला.

"जवाई, कोणाच्या पाया पडून राहिले?"

दारात मामाजी उभे होते. हातात पाण्याचा लोटा.

मागं मामाजी, तर पुढं कोण? त्या काळ्या पाठीनं सावकाश मान वळवली. लांब पांढुरकं तोंड, त्यावर चिकटलेला गूळ आणि दोन बारीक डोळे. अस्वल! त्याचा श्वास माझ्या गालाला लागला. आपण मेलो, एवढंच मला समजलं.

मामाजींनी माझी कॉलर धरली आणि पोतं ओढावं तसं मला बाहेर ओढलं. दार लावलं, कडी घातली आणि आम्ही दोघं दाराला पाठ लावून उभे राहिलो. मी मामाजींचा हात धरला होता आणि तेही तो सोडत नव्हते!

"पोरगी कोठी आहे?" मामाजींनी विचारलं.

दुर्गा सांदवाडीत चूल पेटवायला गेली होती. आणि त्या बाजूचं दार उघडं होतं!

कसा धावलो, मला ठाऊक नाही. घराला वळसा घालून सांदवाडीत शिरलो. दुर्गा नुकतीच उठून त्या खोलीकडेच निघाली होती.

"दुर्गा! थांब! आत अस्वल आहे! सारे लाडू खाऊन राहिलं!"

ती थांबली. कमरेवर हात ठेवले.

"माझ्या बाबूजीनं दोन लाडू खाल्ले, तर अस्वल म्हणता त्याले?"

"अवं बाबूजी नाही! खरंच अस्वल! केस आहेत अंगावर!"

"बाबूजीच्या केसायवर जाऊ नोका! मी आत्ताच त्याईले इचारतो!"

आणि निघाली की दाराकडे! मी तिचा हात धरला. तिनं झटकला. मी मध्ये आडवा झालो, तिनं मला ढकललं. तेवढ्यात माझ्यामागून मामाजी आले, धापा टाकत. दुर्गा त्यांच्याकडे बघते, उघड्या दाराकडे बघते, परत त्यांच्याकडे बघते...

दारातून अस्वल बाहेर आलं.

तिघं जागच्या जागी गोठलो. दुर्गेनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बोटं पुढं कितीतरी दिवस उमटलेली होती. अस्वलानं आमच्याकडे पाहिलं. जीभ तोंडावरून फिरवली. मग भरल्या पोटानं झुलत झुलत कुंपणापाशी गेलं, बल्लीच्या खांबाला पाठ घासली, कुंपण मोडलं आणि शेतातून जंगलाकडे निघून गेलं.

ते दिसेनासं झालं तशी दुर्गा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही बसलो. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

पुष्कळ वेळानं आम्ही आत डोकावलो. सगळे डबे चाटून लख्ख! यात्रा गेली, दुकान गेलं, धंदा गेला. तरी मला एक समाधान होतं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. "मामाजी, माल वाया नाही गेला. जंगलाच्या जनावरालाही चव कळते!"

कोपऱ्यात गडगडत गेलेला एकच लाडू उरला होता. मामाजींनी तो उचलला, घोंगड्याला पुसला आणि तोंडात टाकला. चावला. थांबले. पुन्हा चावला. मग दारात जाऊन थुंकले आणि जंगलाच्या दिशेनं कितीतरी वेळ बघत राहिले.

"दुर्गे," ते हळहळून म्हणाले, "लई दिवसाचं उपाशी असन वं बिचारं."