नऊची बस कुणी वाचवली?

आमच्या गावची नऊची बस मी वाचवली! असं मी म्हणतो. बायको म्हणत नाही.

शहरात जायला दिवसाला ही एकच बस. ती सकाळी साडेआठला येते, नऊला निघते आणि संध्याकाळी सहाला परत. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी तिला याच बसनं इस्पितळात जावं लागतं, सोबत मी असतो. आणि बातमी आली, की या बसचं सरकारी अनुदान बंद होणार! मंगळवारी एक साहेब प्रवासी मोजायला येणार होते.

"तू काळजी करू नकोस," मी बायकोला म्हणालो. "मी बस भरून दाखवतो."

मी निवृत्त ग्रंथपाल. माझ्या शब्दाला मान किती, तर माझ्या पुस्तकचर्चेला मी आणि पंखा असे दोघेच असायचो. म्हणून चाळीस घरांना पत्रं लिहिली. तरी धीर होईना. प्रत्येक पत्राखाली लिहिलं, 'येताना तिघांना आणा.'

मंगळवारी थांब्यावर दीडशे माणसं!

"काका, ही बस आहे, गोदाम नाही!" ड्रायव्हर ओरडला. तोवर लोकांनी मला आदरानं उचलून आत कोंबलं होतं. खाली साहेब मोजता मोजता थकले. त्यांनी कागद मिटला.

"एवढी भरते? मग सरकारनं पैसे कशाला द्यायचे?"

मला उत्तर सुचलं होतं, पण तोंडासमोर कुणाचं तरी कोपर होतं. दार लागलं, उरलेले टपावर चढले, बस निघाली. खिडकीतून पाहिलं, तर थांब्यावर दोघंच उरलेली. साहेब, आणि काठी टेकून उभी असलेली माझी बायको!

दिवसभर मी शहरात जीव मुठीत धरून फिरलो. संध्याकाळी घरी आलो, तर साहेब आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले. खात्याची जीप गॅरेजमध्ये होती म्हणून ते याच बसनं आले होते, आणि परतायला दुसरी बस नव्हती.

"एरवी आम्ही सहाच जण असतो हो," बायको त्यांना सांगत होती. "तोटा होणारच. फायदा असता तर कुणीही गाडी काढली असती! तोट्यातसुद्धा चालवायची, म्हणून तर सरकार लागतं. या गुडघ्यापायी मीही तोट्यातच चालतेय. मला काय भंगारात काढणार?"

"नाही हो, वहिनी!" साहेब घाईनं म्हणाले. दुपारी त्यांचीही दातांच्या डॉक्टरांची वेळ चुकली होती. एक गाल हातात धरून त्यांनी अहवालात लिहिलं, 'बस चुकल्यास दुसरी सोय नाही. स्वतः खात्री केली.'

अनुदान चालू राहिलं.

"पण माझी पत्रं नसती, तर साहेबांची बस चुकली असती का?" मी हळूच विचारलं.

"चाळीस घरांना बोलावलंत," बायको म्हणाली. "मला एक जागा धरलीत का?"

गुरुवारी बसमध्ये पुन्हा नेहमीचे सहा जण असायला हवे होते. पाचच होते. मला घरी ठेवलं होतं.