हिरव्या पाटीस शालजोडी दिली त्याची बखर

श्रीसूर्यनारायण प्रसन्न असोत, परंतु अतिप्रसन्न नसोत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख वद्यपक्षी राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहिले. ज्यास लटके वाटेल त्याणे भर दुपारी थोरल्या दरवाजापाशी टोपीविना उभे राहोन पडताळा घ्यावा.

राज्याचा कायदा पुरातन होता की, हवा चाळीस अंशांवर चढली म्हणजे दरवाजावरील पहारा सावलीस घ्यावा आणि शिपायांस ताक द्यावे. कायदा उत्तम. परंतु हवा किती, हे पुकारण्याचा वंशपरंपरागत हक्क हवानवीस अंताजीपंत यांजकडे होता आणि पंत ते काम दरबारात बसोन करीत. दरबारास चोहोंकडे वाळ्याचे पडदे, पडद्यांवर पाणी शिंपावयास भिस्ती, आणि वर पंखा. पंत रोज सरकारांचे कपाळ निरखीत आणि घाम नाही ऐसे पाहोन पुकारीत, "आज हवा अठ्ठावीस!" मग राज्यात हवा अठ्ठावीस होत असे. ताक कोणी प्याले नाही.

ऐशात दरवाजाचे नाईक रायाजी जगथाप चिलखत घालोन उभे असता भोवंड येऊन आडवे जाहले. दरबारी ठरले की नाईक पहाऱ्यावर निजले; सबब येत्या सोमवारी भर दरबारी त्यांची नाईकी काढावी. रायाजी घरी येऊन भिंतीस टेकोन बसले. कुटुंब म्हाळसाबाई, तिणे पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पुसिले, "अहो, पडलात की निजलात?"

"पडलो. पडल्यावर डोळे मिटले, एवढाच काय तो गुन्हा."

"मग तसे सांगायचे!"

"सांगितले की. पंत म्हणाले, अठ्ठावीसात कोणी पडत नाही. पडतो तो निजतो."

म्हाळसाबाईस छंद मोठा विलक्षण. इतर बायका भरतकाम करीत आणि ही तारांस डाख देत बसे. तिजपाशी बोटभर हिरवी पाटी होती, तीवर मुंगळ्याऐसा रुपेरी पायांचा काळा चौकोन. त्यास जाणते लोक मायक्रोकंट्रोलर म्हणती. सासरचे लोक "सुनेचा संसार" म्हणत. बाईने पाटीस एक लांब तार जोडिली, तारेचे टोकास हवा हुंगणारे नाक लाविले, आणि मोबाईलचे जुने बॅटरीवर पाटी चालविली. रायाजींनी विचारले, "नाक इतके लांब का?" बाई बोलिली, "पाटी राबते म्हणोन स्वतः तापते. नाक जवळ ठेविले तर आपलाच ताप जगाचा म्हणोन सांगेल. दरबारात असे पुष्कळ आहेत, आणखी एक कशाला?"

सोमवारी बाई पाटी घेऊन दरबारी हजर जाहली आणि विनंती केली की, हवा हिणे सांगावी, मग नाईकी काढावी. सरकार कौतुकप्रिय. आज्ञा जाहली की पाटी चाकरीस ठेवावी. आता राज्याची रीत ऐसी की, नवा चाकर तोंड उघडण्याआधी त्यास शालजोडी पांघरावी, जवळ समया लावाव्या, नारळ द्यावा. आणि पांघरलेली शाल चाकर आपले जागेवर रुजू जाहल्यावरच उतरावी, मध्ये उतरिली तर ती बडतर्फी समजावी. त्याप्रमाणे पाटी, तार आणि नाक यांची एकच मोट करोन वरी जाड काश्मिरी शाल गुंडाळिली, दो बाजूंस समया खेटोन ठेविल्या, आणि मानकऱ्यांची भाषणे सुरू जाहली.

पाटीस तारेने जोडिलेली आकड्यांची काच तेवढी शालीबाहेर चमकत होती. प्रथम अठ्ठावीस. पंत हसले. मग चौतीस, मग त्रेचाळीस, आणि आभाराचे भाषण संपता संपता सत्तावन्न! दरबारात हलकल्लोळ. जे थंड बसले होते ते एकाएकी घामाघूम जाहले, सरकारांनी अंगरख्याचे बंद सोडिले, आणि पंत कपाळ पुसोन बोलिले, "मला सकाळपासून वाटतच होते."

रायाजींनी हळूच बाईचा पदर ओढिला. "अगं, गप्प राहा. सत्तावन्न! नाईकी वाचली."

बाईपुढे नवऱ्याचे पागोटे एकीकडे आणि आपले हातचा डाख एकीकडे. मग तिणे मुजरा करोन अर्ज केला, "सरकार, ही हवा नव्हे, शालीची ऊब आहे. शाल काढावी."

पंत कडाडले, "रुजू होण्याआधी शाल काढायची? बिचाऱ्या पाटीने काय अपराध केला?"

"मग रुजू करा."

"कुठे?"

"जिथे नाईक पडले तिथे."

सरकारांस ही युक्ती फार मानवली. मग भर दुपारी चौघडा पुढे, पाटी पालखीत, आणि मागे सरकार स्वतः जरीचा पोशाख करोन थोरल्या दरवाजास आले. रीतीने शाल उतरिली. बाईने पांढरी रंगविलेली वेताची जाळीदार टोपली टांगोन आत नाक सोडिले आणि बोलिली, "ऊन मोजायचे नाही, हवा मोजायची." पाटी सावकाश निवो लागली. पंतांस हुरूप आला आणि ते प्रत्येक आकडा पुकारू लागले, "पन्नास! अठ्ठेचाळीस! उतरतेय, सरकार, येतेच आता अठ्ठावीसावर!" परंतु पाटी चव्वेचाळीसावर येऊन बसली ती हलेना. पंतांनी तिजला नारळ दाखविला, तरी हलेना.

तितक्यात सरकारांनी डोळे फिरविले आणि नाईक पडले होते तेथेच अलगद आडवे जाहले. रायाजींनी धावोन सावली धरिली, तोंडावर पाणी शिंपिले. म्हाळसाबाई पंतांकडे वळोन अत्यंत अदबीने बोलिली, "पंत, सरकार पडले की निजले?"

पंतांनी सरकारांकडे पाहिले, पाटीकडे पाहिले, आणि जन्मात प्रथमच खणखणीत आवाजात खरी हवा पुकारिली, "चव्वेचाळीस!"

सरकार शुद्धीवर येताच पहिला शब्द "ताक" निघाला आणि कारकुनांनी तोच हुकूम समजोन लिहोन घेतला.

तात्पर्य इतकेच की, नाईकी राहिली, पहारा सावलीस आला, आणि पंतांचा हक्कही बुडाला नाही. पाटीवर कोणी शाल घालो नये म्हणोन ते टोपलीपाशी बसतात. वर्षातून एक दिवस मात्र सन्मानाची तिथी म्हणोन शाल पांघरितात. ते दिवशी हवा सत्तावन्न भरते, आणि सर्व राज्यास सुटी असते.