साळवे सरांची हनुवटी

साळवे सर बोलताना समोरच्या माणसाकडे बघत नाहीत. त्याच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघतात. पंखा नसेल तर पत्र्याकडे. जामखेडच्या आमच्या शाळेत मी नवीन असताना मला वाटलं, माणूस गर्विष्ठ आहे. मग एकदा तसंच वर बघत चालताना ते घंटेवर आदळले, गणिताचा तास अर्ध्यातच सुटला, आणि प्रकरण वेगळं असल्याचं माझ्या लक्षात आलं. मान खाली आली की सरांच्या हनुवटीखाली चरबीची पिशवी दिसायची. ती दिसू नये म्हणून हा सगळा आकाशदर्शनाचा खटाटोप.

सर शारीरिक शिक्षणाचे. "छाती फुढं, हनुवटी वर!" हा हुकूम मुलांना कवायतीपुरता, सरांना जन्मठेपेचा.

मी गणिताचा, आणि देहानं उंच उडीच्या आडव्या काठीसारखा. सरांना ते बघवायचं नाही. मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं माझ्या डब्यात सरकवून म्हणायचे, "पवार, अंगाला लावून घ्या कायतरी. वावटळ आली की मला तुमची काळजी वाटती."

एक दिवस त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि छताला विचारलं, "पवार, नगरला एक डॉक्टर हाय. हनुवटीखाली इंजेक्शनं देतो, चरबी विरघळती. कापाकापी न्हाई. येता का सोबतीला?"

सर विधुर. निवृत्ती दारात. असा माणूस हनुवटीची डागडुजी काढतो म्हणजे काय, हे कळायला गणित यावं लागत नाही. मी ते स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं. एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! बायकोच्या एका विधवा चुलतमावशीचा फोटोही सरांपुढे धरला. सरांनी तो पंख्याच्या दिशेनं उंच करून पाहिला.

"बाई सोज्वळ दिसतात. काय आजार हाय का त्यान्ला?"

"आजार कसला? स्थळ आहे, सर!"

सरांनी फोटो परत दिला आणि पहिल्यांदाच मान खाली घालून माझ्याकडे सरळ बघितलं. मला वाटलं, लाजले.

नगरचा डॉक्टर सरळ माणूस होता. "हे बारीक व्हायचं औषध नाही," तो म्हणाला. "चरबी जाईल ती एवढ्याच जागेची. आधी सूज येईल, बधिर वाटेल, पुन्हा पुन्हा यावं लागेल. आणि या वयात कातडी आवळून बसेलच असं नाही. लोंबू शकते."

"हाड हाताला लागलं पायजे," सर म्हणाले. "बाकी काय बी हू द्या."

डॉक्टरनं त्यांच्या हनुवटीखाली पेनानं ठिपके काढले, सुई उचलली आणि धाडकन आवाज झाला. तो मी पडल्याचा. नर्सनं पाणी मला पाजलं. सर टोचून घेता घेता तिला सांगत होते, "अंगात कायच न्हाई हो त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी सर मैदानावर आले ते गळा फुगवलेल्या बेडकासारखे. शिट्टी वाजली की पोरं वळून हसायची. सूज उतरली की सर पुन्हा नगरला, की पुन्हा बेडूक. पावसाळा संपून थंडी पडेपर्यंत हे चाललं. शेवटी पिशवी गेली. सरांनी मान खाली आणली आणि म्हणाले, "रविवारी खर्ड्याला चला. मोकळंच चला, फोटो नको."

खर्ड्याला त्यांची बहीण राहते आणि तिच्याकडे त्यांची आई. बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून सांगत होते, "आईला दिसत न्हाई. नावं गेली, आवाज बी वळखंना. मानूस जवळ आलं की हनुवटी धरून बघती. माझी लहानपनापासून टोकदार. ती तेवढी तिच्या बोटांत ऱ्हायलीय. आता हाताला मांस लागतं, तर म्हनती, हे कोन जाडजूड पाव्हनं? अन् हात काढून घेती."

स्टाफरूममध्ये मी जाहीर केलेलं लग्न खर्डा येईपर्यंत मनातल्या मनात मोडून टाकलं.

सर बाजेपाशी गुडघे टेकून बसले. दाढी इतकी घोटलेली की गाल सोलवटले होते. म्हातारीचा हात आला, हनुवटीवर फिरला, खाली उतरला. पिशवी नव्हतीच. तिच्या जागी रिकामी कातडी लोंबत होती, ती तिच्या चिमटीत आली. देवानं त्या बाईचं सगळं काढून घेतलं होतं आणि बोटं तेवढी ठेवली होती, वय मोजायला.

"कोन म्हातारबा आलेत गं?" ती लेकीला म्हणाली. "च्या टाक त्यान्ला." मग सरांना, "बसा, बाबा. माझा ल्योक याकू यील आता. त्याला बघूनच जावा."

"बसतो," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मी पाया पडायला वाकलो. तिथं माझी हनुवटी तिच्या हाताला लागली. हात थांबला. पुन्हा एकदा हाडावरून फिरला. मग तिनं ती बोटं स्वतःच्या ओठांना लावली.

"आला व्हय रं, याकू? किती वाळलास! जेवतोस का न्हाई?"

नको तिथं बोलण्यात माझा हातखंडा. पण त्या वेळी तोंडच उघडेना. मागून सर कुजबुजले, "व्हय म्हना. पवार, व्हय म्हना की."

"व्हय, आई," मी म्हणालो.

तिनं माझी हनुवटी सोडलीच नाही. बहीण पदर तोंडाला लावून आत निघून गेली. पाहुण्यांच्या कपात पाहुण्यांचा चहा साळवे सरांनी सावकाश संपवला.

परतीची बस यायला वेळ होता. स्टँडवर सरांनी भजी मागवली. मी हात पुढं केला, तर त्यांनी प्लेट अलगद स्वतःकडे ओढली.

"फुडल्या रविवारी बी येताल का?"

"येईन की, सर."

सरांनी प्लेटकडे बघितलं. मान खालीच होती.

"मग पवार," ते म्हणाले, "आता अंगाला काय लावून घिऊ नका."