चार नंबरचं लिंबू

बळवंतराव दिवसातून तीन वेळा आंघोळ करतात, आणि तीही तीन वेगवेगळ्या खोल्यांत.

नामपल्ली स्टेशनच्या मागे, आमच्या भिंतीला लागून, त्यांचं चार खोल्यांचं गेस्टहाऊस आहे. तिथे मोरीचं पाणी गटारात जात नाही, झाडांना जातं. एक नंबरची पपई, दोन नंबरचा कढीपत्ता, तीन नंबरची केळ. खोलीत पाहुणा असला की झाडाचं भागतं. खोली रिकामी राहिली की बळवंतराव पंचा खांद्यावर टाकून स्वतः आत शिरतात. "पाण्याला दोन नोकऱ्या पाहिजेत, सर," असं त्यांचं म्हणणं. "एकाच नोकरीत ते आळशी होतं." पाहुणे कमी झाले की बळवंतरावांचं नाक वाहू लागतं. धंदा कसा चाललाय हे आम्हाला त्यांच्या शिंकांवरून कळतं.

दारातच पाहुण्यांचा साबण काढून घेतला जातो. बदल्यात बेगम बाजारातून आणलेली शिकेकाई आणि वाटीभर बेसन मिळतं. एकदा पुण्याहून नोकरीच्या मुलाखतीला आलेली एक मुलगी काकुळतीला आली होती.

"काका, शॅम्पू तरी राहू द्या ना."

"नक्को. पपई रुसते."

"अहो, पण माझी मुलाखत आहे!"

"मुलाखत उद्या संपेल. पपईला इथंच राहायचंय, हौ की नाही?"

तिने शिकेकाईने केस धुतले. मुलाखतीचं काय झालं ते मला माहीत नाही. पपईची मात्र बळवंतरावांनी संध्याकाळी जाऊन विचारपूस केली. स्वयंपाक करणारी यादम्मा हे सगळं बघून कपाळाशी बोट फिरवायची आणि मला सांगायची, "सार, पिच्ची है इनो." पिच्ची म्हणजे खुळे.

मी ग्रंथपाल होतो. पुण्याहून इथे येऊन बारा वर्षं झाली, पण बळवंतरावांचा तो 'हो'साठीचा 'हौ' माझ्या तोंडात कधी बसला नाही. माझ्या पत्नीला, मंगलला, तो पहिल्याच महिन्यात जमला. ती भिंतीवरून त्यांच्याशी तासन्‌तास झाडांबद्दल बोलायची. तिनेच बी रुजवून तयार केलेलं लिंबाचं रोप त्यांना दिलं होतं.

गेल्या श्रावणात मंगल गेली. दिवस झाले, मुलगी परत तिच्या गावी गेली. मी पुस्तक उघडून बसत असे आणि पान उलटायचं राहून जाई. आंघोळ कधी संध्याकाळी व्हायची, कधी व्हायचीच नाही. एका सकाळी बळवंतराव दारात उभे राहिले.

"सर, तुमच्याकडे काम पडलं."

"बोला."

"चार नंबरच्या पाण्यावर वहिनींचं लिंबू आहे. खोली रिकामी. पानं पिवळी पडायलीत."

"मग तुम्ही करता ना आंघोळ?"

"तीन करतो. चौथीला डॉक्टर नक्को म्हणतो." त्यांनी पुरावा म्हणून एक शिंक दिली. मग माझ्या दाढीकडे बघून म्हणाले, "तुमची आंघोळ तशीही गटारातच जायली. झाली तर!"

दुसऱ्या दिवशी सातला मी गेलो. मोरीत पाटी होती : 'एक बादली. सगळी तुमची समजू नका.' आंघोळ उरकून बाहेर आलो, तर यादम्माने खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा वाढून ठेवला होता. आंघोळ केलेल्या माणसाला उपाशी पाठवायची तिथे पद्धत नाही, असं मला सांगण्यात आलं. पुढे रोज सातला जाऊ लागलो. त्यासाठी सहाला उठावं लागे. दाढीही होऊ लागली. यंदा केळ पैलवानासारखी सुटली आहे, असं यादम्मा म्हणायची. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

नरक चतुर्दशीला कपाटात मंगलच्या डब्यात मागल्या वर्षीचं उटणं सापडलं. ते घेऊन गेलो. अंगाला लावलं, आणि मोरीतून वाहत जाणाऱ्या त्या मातकट पाण्याकडे बघताना, बऱ्याच दिवसांनी, मला काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं. हा वास तिच्या लिंबापर्यंत पोचतो का? कपडे करून मी पहिल्यांदाच मागच्या बाजूला गेलो.

लिंबू हिरवंगार होतं. एक पान पिवळं नव्हतं. आळं ओलं होतं, पण त्यातलं पाणी नितळ होतं, आणि काठावर बळवंतरावांचा तांब्या पालथा पडला होता. मी चार नंबरची नळी शोधली. ती भिंतीच्या कडेने निघून, लिंबाला वळसा घालून, सरळ केळीच्या आळ्यात उतरली होती. नळी जुनी होती, शेवाळलेली. ती लिंबाकडे कधी वळलीच नव्हती. उटण्याचा वास केळीपाशी दरवळत होता.

मी तसाच पुढच्या दाराकडे आलो. पायरीवर एक जोडपं बॅगा घेऊन उभं होतं.

"एकही खोली नाही?" नवरा विचारत होता. "ती चार नंबर तर उघडीच दिसते."

"ती रिकामी नाही," बळवंतराव म्हणाले. "आमच्या सरांची आहे ती."

जोडपं गेल्यावर त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ओल्या चपलांकडेही गेलं असावं. त्यांनी घसा साफ केला.

"काय सर, लिंबू बघून आलात?"

"हिरवंगार आहे."

"असणारच. तुमचं पाणी आहे."

आतून यादम्माने ताट वाजवलं.

"उद्या सातला?" त्यांनी दुसरीकडे बघत विचारलं.

"हौ," मी म्हणालो.