डोंगऱ्याचा गळा

बायकोनं वर्षानुवर्षं सांगूनही जे काम झालं नव्हतं, ते ध्वनीआप्पांनी एका रविवारी आपण होऊन केलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागऱ्यांत तेल घातलं. कारण एवढंच, की गेले दोन महिने बायकोनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि त्या शांततेची आप्पांना धास्ती वाटू लागली होती. संध्याकाळी बाईंनी कपाट उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. कपाटानं हूं की चूं केलं नाही. "बरं झालं," एवढंच म्हणून त्या डबे काढायला लागल्या. आप्पांना शाबासकी हवी होती. पण लग्न जुनं झालं की माणूस 'बरं झालं'वरही भागवतो.

सोमवारी कंपनीतून फोन आला.

आप्पा एके काळी गेम बनवणाऱ्या कंपनीत होते. गेममधले आवाज तयार करणं हे त्यांचं काम, म्हणून ते ध्वनीआप्पा. ओलं फडकं आपटून ते वादळ करत, चाव्यांचा जुडगा हलवून लढाई करत. पण त्यांचं नाव झालं ते 'डोंगऱ्याची खिंड' या गेममुळे. त्यात खिंडीच्या तोंडाशी डोंगराएवढा राक्षस झोपलेला असे. त्याच्या पायाशी चवड्यांवर चालत जायचं. पाऊल चुकलं की डोंगऱ्या जागा होई आणि जबडा उघडून म्हणे, "कर्रर्रऽऽ." एका अख्ख्या पिढीची पोरं तो आवाज ऐकून पलंगाखाली शिरलेली होती. तो आवाज आप्पांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचा. हा किस्सा आप्पांनी इतक्यांदा सांगितला होता, की नातेवाईक त्यांना लांबून येताना पाहिलं की आपणच आधी करकरत.

आता कंपनी त्याच गेमचा रीमेक काढत होती. नवे साहेब म्हणाले होते, जमाना बदललाय, कपाट कसलं वाजवता? त्यांनी सिंह, हत्ती आणि विमान यांचे आवाज एकत्र कालवून नवा डोंगऱ्या केला आणि त्याची झलक लोकांना ऐकवली. त्या दिवसापासून साहेबांचं जेवण उडालं होतं. पलंगाखालची पोरं आता टकली झाली होती, पण विसरली नव्हती. एकानं लिहिलं, हा राक्षस नव्हे, हा जेवण झालेला बँक मॅनेजर आहे. दुसऱ्यानं लिहिलं, माझ्या लहानपणाला हात लावायची यांना परवानगी दिली कुणी? हजारोंनी आगाऊ नोंदणी रद्द केली. शेवटी साहेबांनी जाहीर करून टाकलं, की रीमेकमध्येही डोंगऱ्याचा गळा जुनाच असेल.

अडचण अशी, की मूळ टेप ऑफिस हलवताना कुठंतरी गेली होती आणि गेममधला आवाज नव्या स्पीकरवर डब्यातल्या डासासारखा येत होता. तेव्हा आवाज पुन्हा भरायला हवा होता.

"आप्पा, ते कपाट आहे ना अजून?" साहेबांनी विचारलं.

"आहे की. ठणठणीत आहे," आप्पा म्हणाले, आणि तेलाची बाटली नजरेआड सरकवली.

साहेबांनी पुढं सांगितलं, की शुक्रवारपर्यंत आवाज मिळाला नाही तर नाइलाजानं सिंहच ठेवावा लागेल. सिंह राहिला की गेमच्या शेवटी येणाऱ्या नामावलीतून आप्पांचं नाव जाणार. आयुष्यभर केलेल्या वादळांतलं आणि लढायांतलं लोकांच्या ध्यानात काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते हे एक करकरणं. तेही आपण आपल्या हातांनी, चांगल्या तेलानं बंद केलं.

आप्पा कामाला लागले. बिजागऱ्या रॉकेलनं धुतल्या, साबणानं घासल्या, मिठाच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवल्या. गंज चढावा म्हणून तासातासाला जाऊन बघितलं. गंज बघणाऱ्याला लाजतो. बिजागऱ्या परत बसवल्या तर दार निमूटपणे उघडलं, फक्त लागेना.

गुरुवारी साहेब आले. बरोबर मांजराएवढा केसाळ माइक घेतलेली एक मुलगी होती आणि एक दातांचे डॉक्टर होते. डॉक्टर कुणाचे दात बघायला आले नव्हते. कंपनीवर विश्वास उरला नाही म्हणून चाहत्यांनी आपल्यातला एक माणूस पारखायला पाठवला होता. नऊ वर्षांचे असताना पलंगाखाली यांचा मुक्काम सगळ्यांत जास्त असे.

डॉक्टर डोळे मिटून बसले. आप्पांनी दार उघडलं. काहीच ऐकू आलं नाही. आप्पांनी जोर लावला, तसं दार बिजागरीतून निघून त्यांच्या हातात आलं.

"हा डोंगऱ्या नाही," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले.

मग घरातलं जे जे हलतं ते हलवून झालं. न्हाणीघराचं दार डॉक्टरांना फार पातळ वाटलं. खाटेला त्यांनी डोंगऱ्याचा जावई म्हटलं. बातमी जिन्यानं खाली गेली आणि शेजारी आपापली करकरणारी वस्तू घेऊन वर यायला लागले. कुणी झुलती खुर्ची आणली, कुणी बाबागाडी, तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं आपला गुडघा आणला. गुडघ्यापाशी डॉक्टर क्षणभर थांबले. पण मग त्यांनी मान हलवली. साहेबांनी खिशातून फोन काढला. आप्पा हातात दार धरून उभे होते, घर विकलेल्या माणसासारखे.

बाई सकाळपासून या सगळ्यांना चहा करत होत्या. डबे जमिनीवर मांडलेले, साखरेत कुणाचा तरी बूट पडलेला. त्यांनी किटली खाली ठेवली, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि माइकवाल्या मुलीला म्हणाल्या, "ते मांजर इकडे आण." मग पदर सावरून त्यांनी तोंड उघडलं.

"कर्रर्रऽऽ."

डॉक्टर खुर्चीसकट मागं सरकले. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं, आणि नजर पलंग शोधत होती. "हाच," ते म्हणाले.

"अगं, तुला कपाटाची नक्कल येते?" आप्पांनी विचारलं.

"मी कशाला करू कपाटाची नक्कल? त्या वेळी कपाट नवं कोरं होतं. टेप चालू करून तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलात, आणि मला म्हणालात, घरातलं एकेक उघड. एक दार वाजेल तर शपथ. तुमची नोकरी जायची वेळ आली होती. म्हणून मीच वाजले."

"आणि मला कपाट म्हणून सांगितलंस?"

"तुम्ही इतके नाचलात, की मग सांगवेना. पुढं कपाट म्हातारं झालं आणि हुबेहूब माझ्यासारखं करकरायला लागलं. उठल्यासुटल्या माझी नक्कल. म्हणून तर म्हणत होते, त्याच्यात तेल घाला."

आप्पांनी हातातलं दार भिंतीला टेकवून ठेवलं. मग साहेबांना सांगितलं, की नामावलीत माझं नाव खोडा आणि हिचं घाला. बाई म्हणाल्या, यांचं राहू दे, टेप तर यांनीच चालू केली होती. पहिल्यांदाच त्या घरात दोघं एकमेकांना मोठेपणा द्यायला तयार होते, त्यामुळे भांडण बराच वेळ चाललं. शेवटी दोन्ही नावं लागली.

रीमेक आला, धडाक्यानं खपला. डोंगऱ्याचा गळा कुणाचा ही गोष्ट चाहत्यांना कळली, आणि दोन दिवसांत त्यांच्यात तट पडले. मूळ आवाजही बाईंचाच, हे बऱ्याच जणांना पटलं नाही. त्यांनी लिहिलं, नवा आवाज चांगला आहे, पण मूळ आवाजातली ती धार नाही. कपाट ते कपाट.

आप्पांचा संताप झाला. चष्मा कपाळावर चढवून ते बायकोला एकेक ओळ वाचून दाखवायला लागले, आणि या लोकांना कानच नाहीत म्हणाले.

बाई डबे पुसत होत्या. "चिडू नका," त्या म्हणाल्या. "बरोबर लिहितात ते. तेव्हा मी पंचविशीत होते."