कंगवाबंदीचा करार

माणसं कशी बांधून ठेवायची हे अख्ख्या पेनसिल्व्हेनियात फक्त मला कळतं, अशी माझी पक्की खात्री होती! मी मर्ल हॉस्टेटर. कुत्र्यांना आंघोळ घालून त्यांचे केस कापायचं माझं दुकान. खरी जादू मात्र लॉरेटाच्या हातात. किती वर्षं माझ्याकडे होती! चावरा बुलडॉगसुद्धा तिच्यापुढे जावयासारखा ऐटीत बसायचा.

उद्या ही गेली तर? मी लगेच इंटरनेटवरून एक करार उतरवला. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं, दहा मैलांच्या आत, एकाही कुत्र्याला कंगवा लावायचा नाही!

"सही नाही केली तर?" लॉरेटानं विचारलं.

"तर घरी बस!"

तिनं मुकाट्यानं सही केली. एलवुड आणि मार्नी या बाकीच्या दोघांनीही केली. मी खुशीत शीळ घालत घरी गेलो.

महिन्याभरात लॉरेटानं नोकरी सोडून थेट समोर दुकान थाटलं! दहा मैल कसले, दहा ढांगासुद्धा नाहीत! मी करार फडकवत वकील फेन्स्टरमाखरकडे धावलो.

"सहीच्या बदल्यात तिला काय दिलंस?"

"नोकरी!"

"ती तिच्याकडे होतीच. कामावर घेतानाच सही घेतली असतीस, तर नोकरी हाच मोबदला ठरला असता. मधेच बांधायचं तर काहीतरी नवं द्यावं लागतं."

"कामावरून काढलं नाही, हे काय कमी आहे?"

"आपल्या राज्यात कमीच आहे, मर्ल!"

बरं, लॉरेटा गेली ती गेली. उरलेल्या दोघांना तरी पक्कं बांधू! मी नवा करार केला. सहीच्या बदल्यात आठवडाभर भरपगारी रजा, हवी तेव्हा! एलवुडनं तर मला मिठीच मारली.

आणि दोघांनीही रजा घेतली ती थँक्सगिव्हिंगच्याच आठवड्यात! पाहुणे येणार म्हणून सगळं गाव आपापली कुत्री माझ्या दारात आणून सोडत होतं. त्यात फेन्स्टरमाखरचा बार्नबी. कापसाच्या गठ्ठ्याएवढा, पांढराशुभ्र सामोयेड!

पांढरे केस उजळवणारा जांभळा शाम्पू मी त्याला चोपडला. तेवढ्यात एक पूडल फेस उडवत रस्त्यावर पळालं. मी त्याच्या मागे! धरून आणेपर्यंत बार्नबीचं पार वांगं झालं होतं!

त्याला कवटाळून मी समोर धावलो. "लॉरेटा, वाचव!"

"मला कंगवाबंदी आहे ना रे?"

"तो करार चालत नाही गं! वकीलच म्हणाला!"

"हे जरा मोठ्यानं म्हण."

रांगेतल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी ते ओरडून म्हणालो. तिनं बाह्या सरसावल्या. वांग्याचा फिकट लव्हेंडर झाला, पण त्यापुढे जाईना. घ्यायला आलेल्या फेन्स्टरमाखरनं बार्नबीच्या गळ्यात पट्टा अडकवला.

"मर्ल, यापुढे मी तुझा वकील नाही."

वसंत येईतो माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली, त्यांच्यामागोमाग (करार पक्का होता, पण तो बजावायला वकील कुठे होता?) एलवुड आणि मार्नी गेले, आणि शेवटी मीही गेलो! हल्ली मी लॉरेटाकडे टॉवेल वाळत घालतो.

पहिल्याच दिवशी मी छाती पुढे काढून म्हणालो, "नव्यानं घेते आहेस, तेव्हा करारावर आत्ताच सही घे. उद्या मला कुणी पळवलं तर?"

"पळवू दे की!" ती कात्री पुसत म्हणाली. "पळवणाऱ्याचा धंदा बुडवायला इतका स्वस्त उपाय मला कुठे मिळणार?"