मोरेश्वरपंत खांबेटे यांच्या तीन मुलुखांच्या चाकरीची हकीकत

श्रीरंगदेवतेचे पायीं माथा ठेवून, ऐकिलें व पाहिलें तैसें लिहितों. शके अठराशें नव्याण्णव, पिंगलनाम संवत्सरीं, एका राज्यांत मोरेश्वरपंत खांबेटे म्हणोन लेखक होते. राज्याचे मुलूख तीन, नाटक, सिनेमा आणि मालिका. पंत मूळचे नाटकाचे. तेथें शालनबाई दिघे नामें नटी, आवाज ऐसा कीं शेवटचे रांगेंतला मनुष्यही खुर्चींत पुढें सरकावा. पंतांचें पहिलें नाटक बाईंनीं उभें केलें, आणि थिएटराबाहेर हाऊसफुल्लचा फलक लागला, आणि पंतांनीं रंगपटांत जाऊन शब्द दिला, "पुढचें नाटक केवळ तुमच्याकरितां लिहितों." बाई मुखावरील रंग पुशीत बोलिल्या, "लिहा कीं. मी कुठें जातें?"

मग सिनेमाकडून बोलावणें आलें, आणि एवढी मोहीम करून परतूं ऐसें मनीं धरून पंत कूच करते जाहले. तेथें पटकथा लिहिल्या, संवाद लिहिले, नायक घोड्यावरून उतरावा कीं मोटारींतून याच्या मसलती केल्या, आणि एक चित्र चाललें, आणि दुसरें पडलें, आणि तिसरें मिळालें. मग मालिकेची चाकरी लागली. सकाळीं लिहावें, दुपारीं चित्रण व्हावें, आणि मालकांनीं फोन करावा, "पंत, सासू लोकांना आवडलीय, तिला मारूं नका." सासू तर आदले दिवशींच मेली होती, पंतांनीं ती जिवंत केली. घरोघरीं नांव झालें. परंतु लिहितां लिहितां कानीं शालनबाईंचा आवाज येई, आणि एखादें वाक्य त्या आवाजांतलें उतरे, आणि तें मालिकेस चालणार नाहीं म्हणोन पंत खोडीत, आणि मनांत जपून ठेवीत. ऐसींच वर्षें लोटलीं.

शेवटीं चाकरी सोडोन पंतांनीं त्या वाक्यांचें नाटक सिद्ध केलें आणि बाईंचे घरीं जाऊन आरंभापासून वाचून दाखविलें. बाई पुसत्या जाहल्या, "पंत, ही नायिका केवढी?"

"तिशीची."

"आणि मी?"

पंतांची मान खालीं गेली. बाई बोलिल्या, "तुम्ही मला तिथेंच उभी ठेवलीत. मी चालत चालत इथवर आलें." मग हांसोन म्हणाल्या, "ह्यांत म्हातारी कुणी आहे का?"

"एक शेजारीण आहे. विरजण मागायला येते. एकच प्रवेश."

"ती मला द्या."

नाटक लागलें. नायिका करणारी नवी नटी गुणाची, टाळ्या पडल्या, आणि पंत विंगेंत उभे. मग शेजारीण आली, विरजण घेतलें, "येतें हं" म्हणाली, आणि दारापाशीं थबकून नायिकेच्या त्या भरल्या घराकडे एकवार पाहिलें. तें पाहणें पंतांनीं लिहिलें नव्हतें. शेवटचे रांगेंतला मनुष्य खुर्चींत पुढें सरकला, आणि इतकीं वर्षें ज्याची ओढ होती तें हेंच, ऐसें उमजोन पंतांचे डोळे भरले. प्रयोग संपतांच ते पुढें होऊन बोलिले, "आतां ह्या शेजारणीचें नाटक लिहितों."

बाई खुर्चीवर टेकल्या, दम घेतला, आणि म्हणाल्या, "लवकर लिहा, पंत. पाठांतर आतां पूर्वीसारखें होत नाहीं."

ऐसें वर्तमान. तिन्ही मुलुखीं पंतांचें नांव झालें, जीव मात्र एकाच ठिकाणीं गुंतला. सांप्रत ते दुसरा अंक लिहीत आहेत, आणि बाई पहिला पाठ करीत आहेत. हकीकत येथवर.